मेंढरांचा खरा आकडा

नॉर्वेला जायचं तर आधी अंबडला जावं लागतं, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण माझं तसंच झालं. त्यामुळे बर्फाचे डोंगर वाचायला मिळतील म्हणून कोणी बसलं असेल तर त्यांनी आत्ताच उठावं. हा प्रवास केदारखेड्याहून निघून अंबडच्या शिवारात काढलेल्या चार दिवसांचा आहे, आणि ज्यांना मेंढरांच्या मागावर कधी जावं लागलं नाही त्यांच्यासाठी लिहिला आहे.

आधी थोडं रडगाणं. मी मृदाशास्त्रात एम.एस्सी. केलंय. एवढी शिकून पोरीनं शेवटी माती केली, असा आमच्या गावातला विनोद आहे आणि तो मी दर सणाला ऐकते. पुढे मला पीएच.डी. करायची होती, परदेशात आणि पगारी. तिकडच्या काही देशांत पीएच.डी. ही नोकरी समजतात. विद्यापीठ जाहिरात काढतं, आपण अर्ज करायचा, मुलाखत द्यायची. निवड झाली की फी नाही, उलट दरमहा पगार. अण्णा, म्हणजे माझे वडील, भोकरदनला कापसाच्या जिनिंगवर कामाला जातात. पगारी जागा मिळाली नाही तर माझ्यासाठी परदेश नकाशावरच राहणार होता.

या जागा शोधणं हीच एक नोकरी आहे. रोज विद्यापीठांच्या साइट उघडायच्या. एखाद्या प्राध्यापकाचे शोधनिबंध वाचून त्यांच्याच कामाबद्दल दोन शहाणे प्रश्न मेलमध्ये विचारायचे, कारण एकच मेल सगळ्यांना पाठवणाऱ्याला कोणी उत्तर देत नाही. शिफारसपत्रासाठी आपल्या सरांच्या मागे लागायचं. मग वाट बघायची. दीड वर्ष मी हेच केलं. चार-पाच ठिकाणी अर्ज केले होते. नकाराची भाषा इतकी गोड असते की दोनदा वाचल्यावर कळतं, आपल्याला घेतलेलं नाही.

आणि एक दिवस होकारासारखं काहीतरी आलं.

सोमवार, केदारखेडा

नॉर्वेतल्या एका विद्यापीठातल्या मारित नावाच्या प्राध्यापक बाई. त्यांच्याकडे चरणारी जनावरं आणि माती या विषयावर एक पगारी जागा होती. पहिली मुलाखत ऑनलाइन झाली. बाई पन्नाशीच्या, अंगात लोकरीचा जाड स्वेटर, मागच्या खिडकीत बर्फ. पहिल्याच वाक्याला म्हणाल्या, "मला मारित म्हण." तिकडे गुरूलाही नावानं हाक मारतात. माझी जीभ काही वळेना. मी अख्खी मुलाखत "मारित मॅडम" म्हणत काढली.

त्यांच्यासमोर माझ्या एम.एस्सी.च्या प्रबंधातला एक तक्ता होता. आमच्याकडे शेतकरी रिकाम्या रानात मेंढ्या बसवतात. कळप रात्री शेतात मुक्काम करतो, लेंड्या-मुताचं खत पडतं, आणि मेंढपाळाला त्याबदल्यात धान्य मिळतं. अशा रानांतल्या मातीचा मी अभ्यास केला होता. तेवीस कुटुंबांना त्यांच्याकडे मेंढ्या किती ते विचारलं, रानात पडलेलं खत वजन केलं आणि एका मेंढीमागे किती खत पडतं ते काढलं. माझा सगळा अर्ज या एका तक्त्यावर उभा होता.

मारित बाई शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या तक्त्याप्रमाणे तुमच्याकडची मेंढी जगातल्या कुठल्याही मेंढीच्या दुप्पट लेंड्या टाकते. असं का असेल?"

मी चारा, हवामान, पाणी असं काहीबाही बोलले.

"आणि कळपांचे आकडे सगळे वीसच्या पटीत आहेत. साठ, ऐंशी, शंभर. तू मोजलेस?"

"विचारले."

"पडताळून पाहिलेस?"

"ते माझेच लोक आहेत," मी जरा ठसक्यात म्हणाले. "माझ्याशी खोटं कशाला बोलतील?"

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, की आता दोनच उमेदवार उरलेत, मी आणि आणखी एक जण. दुसरी मुलाखत शुक्रवारी, आपल्या अडीच वाजता. तेव्हा मी या तक्त्याबद्दल नीट सांगावं.

मी लॅपटॉप बंद केला. आकडे वीसच्या पटीत का, ते मला ठाऊक होतं. आमची जुनी माणसं विसांत मोजतात. चार विसा म्हणजे ऐंशी, पाच विसा म्हणजे शंभर. पण मेंढरं काय वीस-वीसच्या गठ्ठ्यानं वितात का? हा प्रश्न मला दोन वर्षांत एकदाही पडला नव्हता. आजोबांनी मेंढरं थोरल्या मुलाला दिली आणि धाकट्याला, म्हणजे अण्णांना, शाळेत घातलं. माझ्या जन्माआधीच आमच्या घरातून लेंड्यांचा वास गेला होता. कळपाचं खरं कळायला मला थोरल्या काकांना, मोठेबाबांना गाठावं लागणार होतं. ते या दिवसांत मेंढरं घेऊन अंबडकडे असतात. चुलतभाऊ संतोषचा फोन बंद होता. हातात तीन दिवस होते.

मंगळवार, अंबडचं शिवार

भटकणारा कळप शोधायची रीत सोपी आहे, पण पाय दुखतात. काल मेंढरं कुठे बसली होती ते विचारायचं, त्या रानात जायचं, आणि तिथून ती कुठे गेली ते विचारायचं. अंबडच्या बसस्थानकाजवळच्या चहावाल्यानं मला शहागडच्या रस्त्याला लावलं. पहिल्या रानात लेंड्या वाळलेल्या होत्या, म्हणजे तीन-चार दिवसांपूर्वीच्या. दुसऱ्या रानात जरा ओल्या. मृदाशास्त्राचा एवढा थेट उपयोग मी आयुष्यात केला नव्हता.

तिसरं रान एका मोसंबीच्या बागेला लागून होतं. बांधावर एक गृहस्थ पाइप जोडत बसले होते. त्यांचं नाव भगवानराव, हे मागून कळलं. समोरच्या कापूस उपटलेल्या रानात ताज्या लेंड्यांचा नुसता सडा पडला होता.

"काका, इथं मेंढ्या बसल्या होत्या ना?"

त्यांनी माझ्या हातातली फाइल बघितली, पाठीवरची बॅग बघितली. "मेंढ्या? बिलकुल न्हाई पाह्यल्या. इकडं कुठं येत्यात मेंढ्या?"

"काका, तुमच्या चपलेला लेंडी चिकटलीय."

त्यांनी चप्पल बघितली आणि तरी बधले नाहीत. "असंल एखाद्या शेळीची."

तीन तास उन्हात चालून माझं डोकं आधीच तापलेलं होतं. मी फाइल बांधाच्या धुऱ्यावर आपटली आणि मोठेबाबांचं नाव, गाव, पिंपळगाव रेणुकाईचं त्यांचं घर देवळापासून कितवं हेसुद्धा सांगून टाकलं. भगवानरावांचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"अहो ताई, मंग आधीच सांगायचं ना! आम्हाला वाटलं जनावरांच्या गणनावाल्या आल्या. कागद घेऊन आलेल्या मानसाला आधी न्हाई म्हणायचं, मंग चहा पाजायचा." त्यांनी दोन मोसंब्या माझ्या हातात कोंबल्या. "सकाळीच गेले ते. कालव्याच्या पल्याड. जल्दी जा, ऊन उतरायच्या आत गाठ पडंल."

मोसंबी सोलत मी कालवा ओलांडला. कागद घेऊन आलेल्या माणसाला आधी नाही म्हणायचं, हे वाक्य डोक्यातून जाईना. त्या तेवीस घरांत मीही कागद घेऊनच गेले होते.

मेंढरं दिसली तेव्हा सूर्य कलला होता. आधी कुत्रं अंगावर आलं आणि माझी ओढणी घेऊन गेलं. मग मोठी माय आली, माझी काकू. तिनं कुत्र्याला शिव्या दिल्या आणि मला जवळ ओढलं. तीन दगडांच्या चुलीवर मेंढीच्या दुधाचा चहा झाला. तो इतका दाट असतो की पहिल्या घोटाला वाटतं, आपण काहीतरी खातोय. बाजरीची गरम भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि बाजूला टोपल्याखाली झाकलेल्या कोकरांची कुरकुर. संतोषचा फोन कालव्यात पडला होता, म्हणून बंद. मला पहिल्या घासालाच विचारायचं होतं आणि मी विचारलंही.

"मोठेबाबा, आपल्या मेंढ्या किती?"

त्यांनी भाकरी मोडता मोडता उत्तर दिलं, "पाच विसा."

माझ्या तक्त्यातही त्यांच्या नावासमोर तेच होतं. शंभर. मला हायसं वाटायला हवं होतं. पण समोर जाळीत कोंडलेली मेंढरं बसली होती, आणि ती नुसती शंभर नव्हती, कितीतरी जास्त होती, एवढं तर मातीवालीलाही दिसत होतं.

बुधवार, तोच तळ

सकाळी मेंढरं चरायला सोडतात तेव्हा दोरीच्या जाळीचं एक टोक उचलतात. त्या फटीतून ती दोन-दोन, तीन-तीन करत बाहेर पडतात. मी बाजूच्या दगडावर बसले. एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हाताचं बोट मेंढरांकडे. प्रत्येक विसाला मोबाइलवर एक टिंब देत गेले. शेवटचं लंगडं मेंढरू बाहेर पडलं तेव्हा आकडा माझ्याकडे होता. तो मी इथे लिहिणार नाही. एवढं सांगते की मारित बाईंचा संशय बरोबर होता. आमची मेंढी जगातल्या इतर मेंढ्यांएवढ्याच लेंड्या टाकते. माझा तक्ता पहिल्या ओळीपासून खोटा होता.

तेवढ्यात मागून कोणीतरी माझं मनगट धरलं. मोठी माय होती. मी तिला अशी कधी बघितली नव्हती.

"काय करून राह्यली गं वैशू तू? बोट दाखवून मोजली मेंढरं?"

"अगं, फक्त—"

"असं मोजत न्हाईत. नजर लागती. तुला कुणी सांगितलं न्हाई?"

खरंच कोणी सांगितलं नव्हतं. ज्यांनी सांगायचं ते अण्णा सात वर्षांचे असताना शाळेत गेले होते. मी सॉरी म्हणाले. ते तिला कळलं की नाही कोण जाणे. ती पाण्याची घागर उचलून निघून गेली, आणि दुपारपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

मी संध्याकाळच्या बसनं परतणार होते. बॅगही भरली होती. पण चारच्या सुमाराला संतोष धावत आला. कळपाच्या पुढे चालणारी, एका कानावर पांढरा ठिपका असलेली मेंढी कोणाच्या तरी हिरव्या लसूणघासात शिरली होती आणि तिचं पोट फुगलं होतं. तिला आणलं तेव्हा डावी कूस टरटरून वर आली होती आणि ती तोंड उघडून श्वास घेत होती. मोठेबाबांनी तिचे पुढचे पाय धुऱ्यावर चढवून धरले. मोठ्या मायनं करडीचं तेल तिच्या तोंडात थोडं थोडं सोडलं. मी कूस चोळत होते. ओल्या घासानं पोट कसं फुगतं ते मी परीक्षेत लिहिलंय, मार्कही चांगले पडलेत. पण त्या तासाभरात मला एवढंच कळत होतं, की ही मेली तर ती घासानं मेली असं इथे कोणीही म्हणणार नाही. मला कोणी काही बोललं नाही आणि तेच सोसत नव्हतं.

शेवटी मोठी माय माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या मोबाइलमधला आकडा पुस."

शुक्रवारच्या मुलाखतीत दाखवायला माझ्याकडे तेवढी एकच खरी गोष्ट होती. मी मोबाइल काढला, तेलकट बोटांनी ती टिंबं पुसली आणि स्क्रीन तिला दाखवली. तिला वाचता येत नाही. तिनं मान हलवली. मी रागानं रडले, तिच्यावरच्या नव्हे, दीड वर्षावरच्या रागानं. बस तर केव्हाच गेली होती.

गुरुवार

मेंढी जगली. सकाळी उठून ती रवंथ करत होती, जणू काल काही झालंच नाही. श्रेय तेलाचं की मोबाइलचं, यावर मी मत देणार नाही.

मोठेबाबा मला घेऊन कळपामागे चालायला लागले. त्यांचं चालणं संथ आणि बोलणं त्याहून संथ. मी त्यांना सगळं सांगितलं. ती जागा, तो तक्ता, ती बाई, उद्याचे अडीच.

मग म्हणाले, "आकडा सांगितला न्हाई म्हणजे आम्ही खोटं बोल्लो, असं वाटतं का तुला?"

"शंभर नाहीत ना पण त्या!"

"माझ्या बापानं मला दिल्या तवा पाच विसा होत्या. मंग कुणी बी इचारलं की पाच विसा. फारेष्टवाल्यानं इचारलं, पाच विसा. शेतकऱ्यानं इचारलं, पाच विसा. सोयऱ्यानं इचारलं तरी तेच. बापानं दिलेला आकडा सांगायचा. त्याच्या वर काय झालं ते देवाचं, ते कुणाला दाखवायचं न्हाई."

"सगळे असंच सांगतात?"

"सगळेच."

मी चालता चालता थांबले. तेवीस घरं, तेवीस आकडे. म्हणजे माझ्या तक्त्यात आजची मेंढरं नव्हतीच. त्यात होती प्रत्येकाला त्याच्या बापाकडून मिळालेली मेंढरं, एक पिढी मागची. मी नकळत म्हाताऱ्या आणि गेलेल्या माणसांचे कळप लिहून घेतले होते.

"मग तुम्हाला एखादं हरवलं तर कसं कळतं, मोजत नाही तर?"

ते हसले. "तुझ्या घरी जेवायला बसल्यावर तू माणसं मोजती का? कोण न्हाई ते दिसतं."

मी विचारलं, मेंढरं न मोजता नुसती जमीन मोजली तर चालेल का? रानात चौकटी आखायच्या, तेवढ्यातलं खत वजन करायचं. मेंढरं किती, हा प्रश्नच नको. त्यांनी थोडा विचार केला. "जमीन मोज की. जमिनीला कुठं नजर लागती?"

मग अचानक म्हणाले, "तू किती ठिकानी अर्ज केल्ते?"

"चार-पाच."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. एका मेंढराला हाळी दिली आणि पुढे चालू लागले. माझे कान गरम झाले.

शुक्रवार, मोसंबीची बाग

कळपामागे चालण्यात गुरुवारचीही बस गेली होती, त्यामुळे केदारखेड्याला परत जाऊन मुलाखत देणं आता शक्यच नव्हतं. तळावर नेटवर्क येत-जात होतं. मी पुन्हा कालवा ओलांडून भगवानरावांकडे गेले. त्यांच्या माडीवर वायफाय होतं. त्यांनी कारण विचारलं नाही. खोलीतली बियाण्यांची पोती बाजूला केली, टेबल पुसलं आणि बाहेर दारापाशी खुर्ची टाकून बसले. "कुणाला वर येऊ देत न्हाई. बिनघोर बोला."

दोन वाजून वीस मिनिटांनी लाइट गेली. मोबाइलचं इंटरनेट बॅगेतून आणलेल्या लॅपटॉपला जोडलं. मारित बाईंचा चेहरा आला, अडकला, पुन्हा आला.

"तक्त्याबद्दल सांगणार होतीस," त्या म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. तक्ता चुकीचा आहे. मी विचारलं, पडताळलं नाही. माझेच लोक आहेत म्हणून ते मला खरं सांगतील असं धरून चालले, पण मीही त्यांच्या दारात कागद घेऊनच उभी होते. आमच्याकडे कळपाचा खरा आकडा सांगत नाहीत, बापानं दिलेला सांगतात. म्हणून तो तक्ता आजच्या मेंढ्यांचा नाही, मागच्या पिढीच्या मेंढ्यांचा आहे. पुढचं काम करायचं तर आकडा न मागता जमिनीवरून करावं लागेल. ते कसं, तेही सांगितलं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुझ्या काकांच्या कळपात खऱ्या किती आहेत? कळलं का तुला?"

"कळलं. मी न विचारता मोजल्या. ते मोजायला नको होतं. मोबाइलमधून पुसलं."

"पण लक्षात आहे ना? नुसता अंदाज सांग. त्यावरून तुझा तक्ता किती चुकला ते काढता येईल. निवडीच्या दृष्टीनं त्याची मदत होईल."

आकडा माझ्या जिभेवर होता. आजही आहे. दाराबाहेर भगवानरावांची खुर्ची करकरली. मला दीड वर्ष दिसलं, अण्णांचे रुईनं पांढरे झालेले केस दिसले, आणि परवा दुपारी धुऱ्यावर पुढचे पाय टेकवून उभी राहिलेली ती मेंढी दिसली.

"सांगू शकत नाही, मारित," मी म्हणाले. मॅडम म्हणायचं राहून गेलं.

त्यांचा चेहरा स्क्रीनवर अडकला, पुन्हा हलला. मग त्या म्हणाल्या, "ठीक आहे. कळवू." आणि स्क्रीन काळी झाली.

भगवानराव आत आले. "झालं का ताई?"

"गेलं बहुतेक," मी म्हणाले. त्यांनी मोसंबीचा रस पुढे केला. मीठ जास्त पडलं होतं, तरी मी सगळा प्याले.

पिंपळगाव रेणुकाई, काही आठवड्यांनी

कळप गावाकडे परतला तशी मी मोठेबाबांना भेटायला गेले. ते ओट्यावर बसून जाळीच्या दोऱ्या ओवत होते. मोठी माय आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

मोबाइलवर मेल होती. मी ती त्यांना मराठीत वाचून दाखवली. जागा मला दिलेली होती. ऑगस्टमध्ये रुजू व्हायचं, पगार पहिल्या महिन्यापासून. खाली मारित बाईंनी स्वतः दोन ओळी लिहिल्या होत्या. दुसऱ्या उमेदवाराचे आकडे माझ्यापेक्षा चांगले होते, पण या कामात ज्यांच्या दारात जायचं त्यांनी दुसऱ्यांदा दार उघडायला हवं, आणि तुझ्यासाठी ते उघडतील असं वाटतं.

मोठ्या मायनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मोठेबाबांनी दोरी खाली ठेवली.

"आता खरं सांग," ते म्हणाले. "किती ठिकानी अर्ज केल्ते?"

सुरुवातीला मी तुम्हालाही चार-पाचच सांगितलं आहे. अण्णांना, मैत्रिणींना, शिफारसपत्र देणाऱ्या सरांनाही तेच सांगत आले. इतक्या ठिकाणी नकार आले हे कळलं तर लोक काय म्हणतील याची लाज होती, आणि खरा आकडा बोलून दाखवला तर उरलेली एखादी जागाही जाईल, अशी भीतीही होती. हे मला अंबडला जाईपर्यंत कळलं नव्हतं.

मी वाकून त्यांच्या कानात खरा आकडा सांगितला.

त्यांनी डोळे मिटले, मग दोरी पुन्हा हातात घेतली.

"बराबर," ते म्हणाले. "आता कुणाला सांगू नको."